अदृश्यास दृश्य करणारा इंजिनियर : अर्न्स्ट रुस्का

ताडकळसाच्या शिवारांतून वैशाखांत चालत गेलें म्हणजे काळ्या रानाला पडलेल्या भेगा जागोजाग दिसतात. कांहीं भेगा इतक्या खोल असतात कीं, हातांतील काठी आंत सोडली तर तळ लागत नाहीं. मृगाचा पाऊस पडला म्हणजे ह्याच भेगा मिटून जातात, माती फुगते, व पायांतील जोडे ओढून घेईल इतकी ती चिकट होते. पुढें त्याच रानांत कपाशी उभी राहते आणि दिवाळीच्या सुमारास बोंडें फुटून शेत पांढरें दिसूं लागतें. हा देखावा आपण दरवर्षीं पाहतों. पण ही माती उन्हांत कां फाटते व पाण्यानें कां फुगते, कापसाचा तंतु एवढा बारीक असून एवढा चिवट कां असतो, लोहाराच्या ऐरणीवरचें लोखंड वांकतें आणि कांच मात्र कां फुटते, असें कोणी विचारलें तर त्याचें उत्तर नुसत्या डोळ्यांस सांपडत नाहीं. त्या वस्तु ज्या अणूंच्या बनल्या आहेत त्या अणूंच्या मांडणींत तें उत्तर दडलेलें असतें. ही मांडणी पाहण्याचें एक अद्भुत साधन ज्यानें मनुष्यजातीच्या हातीं दिलें त्या अर्न्स्ट रुस्का नांवाच्या जर्मन इंजिनियराचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. आपल्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील वाचकांस त्यांत एक विशेष गोडी वाटेल. ती कोणती, हें ओघानें पुढें येईलच.

प्रथम अडचण काय होती ती समजून घेतली पाहिजे. कांचेच्या भिंगांचा सूक्ष्मदर्शक मनुष्याला तीनशें वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. भिंगें अधिकाधिक चांगलीं घडवीत गेलों तर कितीही लहान वस्तु दिसूं लागेल, असें पुष्कळांस वाटत असे. परंतु १८७३ सालीं जर्मनींतील अर्न्स्ट आबे ह्या पंडितानें असें दाखवून दिलें कीं, ही मर्यादा कारागिराच्या हाताची नसून खुद्द प्रकाशाचीच आहे. पूर्णेच्या पात्रांत मोठा खडक असला तर पाण्याची लाट त्यावर आपटून फुटते, व लाटेच्या फुटण्यावरून खडक कोठें आहे हें दुरून कळतें. तेथें बारीकशी काडी रोवली तर लाट तिला न जुमानतां तशीच पुढें निघून जाते, व काडीची कांहींच वार्ता आपणांस कळत नाहीं. प्रकाशाचेंही असेंच आहे. त्याच्या लाटेची लांबी मिलिमीटरच्या सुमारें दोनहजाराव्या भागाएवढी असते. म्हणून मिलिमीटरच्या पांचहजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदु प्रकाशानें वेगळे दिसूं शकत नाहींत. लोखंडाचे अणु एका ओळींत मांडले तर एका मिलिमीटरांत सुमारें चाळीस लक्ष मावतील. अशा अणूंचें दर्शन प्रकाशानें घडणें अशक्यच होय. तेव्हां लहान काडी पाहावयाची तर अधिक लहान लाट हवी, एवढें उघड झालें. पण ती कोठून आणावी, हें कोणास ठाऊक नव्हतें.

अर्न्स्ट रुस्का यांचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजीं हायडेलबर्ग ह्या विद्यापीठाच्या गांवीं झाला. सात भावंडांत ते पांचवे. वडील यूलियुस रुस्का हे अरबी भाषेचे व विज्ञानाच्या इतिहासाचे व्यासंगी विद्वान होते. जुन्या किमयागारांच्या ग्रंथांचा त्यांनीं मोठ्या परिश्रमानें अभ्यास केला. वडिलांच्या अभ्यासाच्या खोलींत लांकडी पेटींत ठेवलेला एक मोठा सूक्ष्मदर्शक होता. मुलांनीं त्यास हात लावूं नये अशी सक्त ताकीद असे; कारण अजाण हातांनीं स्क्रू फिरविला तर भिंग नमुन्यावर आदळून दोहोंचा नाश होण्याची भीति. वडिलांची लहर लागली म्हणजे मात्र ते मुलांस जवळ बोलावून एखादी मनोरंजक वस्तु त्यांतून दाखवीत. गांवाजवळच्या टेकडीवर वेधशाळा होती व तेथें मॅक्स वुल्फ हे नामांकित ज्योतिर्विद मोठ्या दुर्बिणींनीं आकाश शोधीत असत. एकीकडे अतिदूरचें दाखविणारी दुर्बीण आणि दुसरीकडे घरांतच, पण हाताबाहेर ठेवलेला सूक्ष्मदर्शक, अशा वातावरणांत अर्न्स्ट व त्यांचा धाकटा भाऊ हेल्मुट यांचें बालपण गेलें. ज्या यंत्राला हात लावण्याची मनाई होती, त्याच जातीचें एक निराळें यंत्र पुढें ह्या मुलानें स्वतः घडविलें.

घरांत भाषा व इतिहास यांचें वातावरण असूनही अर्न्स्ट यांचा ओढा यंत्रविद्येकडे होता. १९२५ सालीं ते म्यूनिक येथील तांत्रिक महाविद्यालयांत विद्युत्-इंजिनियरिंगचा अभ्यास करूं लागले व १९२७ सालीं बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयांत आले. मध्यंतरीं कारखान्यांत राहून त्यांनीं हातानें काम करण्याचें शिक्षणही घेतलें. बर्लिनला प्राध्यापक मथियास हे उच्च दाबाच्या विजेच्या विद्येचे आचार्य होते. त्या काळीं विजेच्या लांब तारांवर वीज कोसळली म्हणजे क्षणार्धांत जी खळबळ होते ती मोजण्याची फार निकड होती. त्यासाठीं विद्युत्कणांचा, म्हणजे ज्यांस इलेक्ट्रॉन म्हणतात त्यांचा, एक बारीक झोत पडद्यावर पाडून त्याची हालचाल टिपणारें यंत्र वापरीत. हें यंत्र सुधारण्याकरितां १९२८ सालीं मॅक्स नोल नांवाच्या तरुण डॉक्टरांच्या हाताखालीं एक मंडळी जमविण्यांत आली व त्यांत एकवीस वर्षांचे रुस्का सर्वांत धाकट्यांपैकीं एक होते. एवढें मोठें शोधकार्य एका साध्या, रोजच्या उपयोगाच्या कामांतून उगवलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

झोत जितका बारीक तितकी रेघ स्पष्ट. म्हणून तो एका बिंदूंत कसा आणावा हा प्रश्न रुस्का यांच्या वांट्यास आला. तांब्याच्या तारेचें वेटोळें करून त्यांतून वीज सोडली म्हणजे तें लोहचुंबक बनतें, व त्याच्या पोकळींतून जाणारे विद्युत्कण वळून पुन्हां एकत्र येतात. हान्स बुश ह्या शास्त्रज्ञानें १९२६-२७ सालीं गणितानें असें सिद्ध केलें होतें कीं, असें वेटोळें विद्युत्कणांच्या बाबतींत अगदीं भिंगासारखें वागावें. परंतु गणित व प्रत्यक्ष माप यांचा मेळ बसत नव्हता. रुस्का यांनीं १९२९ साली निरनिराळीं वेटोळीं गुंडाळून, माप घेऊन, पुन्हां गुंडाळून हें दाखविलें कीं, बुश यांचें म्हणणें खरें आहे. वेटोळें खरोखरच भिंग आहे, आणि वीज कमीअधिक करून त्याची शक्तीही पाहिजे तशी बदलतां येते, जें कांचेच्या भिंगास कधींच साधत नाहीं. आतां पुढचा विचार सहजच सुचणारा होता. एका भिंगानें प्रतिमा मोठी होते, तर तीच प्रतिमा दुसऱ्या भिंगानें आणखी मोठी कां करूं नये?

१९३१ च्या एप्रिल महिन्यांत नोल व रुस्का यांनीं दोन वेटोळीं एकापुढें एक बसवून धातूच्या जाळीची प्रतिमा दोनदां मोठी करून दाखविली. ती वीस पटही मोठी झाली नव्हती. साध्या हातभिंगानेंही जवळजवळ तेवढें काम झालें असतें. पण चाललेल्या मुलाचें पहिलें पाऊल किती लांब पडलें हें कोणी मोजीत नाहीं. प्रकाशावांचून, कांचेवांचून, केवळ विद्युत्कणांनीं मोठें चित्र काढतां येतें, हें त्या दिवशीं निर्विवाद ठरलें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा जन्म तो हाच.

ह्यापुढची हकीकत मोठी मौजेची आहे. फ्रान्समधील लुई द ब्रॉय ह्या पंडितानें १९२४ सालीं असा सिद्धांत मांडला होता कीं, विद्युत्कण हे नुसते कण नसून त्यांसही लाट असते. रुस्का व नोल हे यंत्रविद्येच्या शाळेंतले. त्यांच्या कानीं ही गोष्ट आलेलीच नव्हती. विद्युत्कण अतिशय लहान, तेव्हां त्यांना प्रकाशाची मर्यादा लागूच होणार नाहीं, अशा समजुतीनें ते काम करीत होते. १९३१ च्या उन्हाळ्यांत ही वार्ता त्यांस कळली तेव्हां रुस्का यांचें मन फार खट्टू झालें. येथेंही लाट आडवी आलीच म्हणावयाची! पण ते निराश होऊन बसले नाहींत. त्यांनीं लगेच कागद घेऊन ह्या लाटेची लांबी काढून पाहिली. ती प्रकाशाच्या लाटेच्या सुमारें एक लक्षांश भरली. जें संकट वाटलें तेंच वरदान निघालें. ज्या लहान लाटेच्या शोधांत जग होतें, ती त्यांच्या यंत्रांत आधींपासूनच वाहत होती.

परंतु ह्याच सुमारास एक कटु प्रसंगही आला. नोल यांनीं ४ जून १९३१ रोजीं बर्लिनला आपल्या कामावर व्याख्यान दिलें. त्याच्या कांहीं दिवस आधीं, मे महिन्याच्या अखेरीस, सीमेन्स कंपनींतील राइनहोल्ड र्यूडेनबर्ग ह्या ज्येष्ठ इंजिनियराच्या नांवें अशाच यंत्राच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला होता. यंत्र प्रत्यक्ष उभें करणाऱ्यांनीं स्वतः मात्र पेटंट घेतलें नव्हतें. कल्पना कोणास आधीं सुचली, व कोणाची कोणास कळली, ह्याबद्दल पुढें अनेक वर्षें वाद चालला आणि सर्वांस पटेल असा त्याचा निकाल लागला नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. र्यूडेनबर्ग यांचा लहान मुलगा पोलिओनें आजारी पडला होता, व ज्या रोगाचें बीज कोणत्याही सूक्ष्मदर्शकांतून दिसत नाहीं तें दिसावें कसें, ह्या तळमळींतून आपणांस ही कल्पना सुचली असें त्यांनीं सांगितलें आहे. ते ज्यू वंशाचे असल्यामुळें हिटलरच्या राजवटींत १९३६ सालीं त्यांस देश सोडावा लागला. पुढें अमेरिकेंतील न्यायालयानें त्यांचा पेटंटाचा हक्क मान्य केला. एका शोधाच्या पोटांत किती माणसांचे आनंद व दुःखें सांठवलेलीं असतात, हें ह्यावरून दिसून येईल.

नोल १९३२ सालीं दूरचित्रवाणीच्या कामासाठीं दुसरीकडे गेले. रुस्का मागें राहिले. त्या काळीं जर्मनींत बेकारी अतोनात वाढली होती व तरुण इंजिनियरास नोकरी मिळणें कठीण झालें होतें. थोड्याशा शिष्यवृत्तीवर त्यांनीं आपलें काम चालू ठेविलें. बोडो फॉन बोरीस हे त्यांचे स्नेही ह्या कामांत त्यांचे भागीदार झाले. पुढें रुस्का यांच्या भगिनीशीं विवाह होऊन ते त्यांचे मेहुणेही झाले. दोघांनीं मिळून वेटोळ्याभोंवतीं लोखंडाचें कवच बसविण्याची व त्यांत अगदीं अरुंद फट ठेवण्याची युक्ति काढली. अशानें चुंबकाची सारी शक्ति त्या फटींत एकवटते व भिंग पुष्कळच प्रबळ होतें. ह्या युक्तीचें पेटंट मात्र त्यांनीं मार्च १९३२ मध्यें न चुकतां मागितलें. पहिल्या अनुभवानें ते शहाणे झाले होते! आजही ह्या जातीच्या यंत्रांत हीच रचना मुख्य असते.

ह्या नव्या भिंगांनीं रुस्का यांनीं १९३३ सालच्या अखेरीस दुसरें यंत्र उभें केलें. त्यानें वस्तु बारा हजार पटींनीं मोठी दिसूं लागली, आणि जगांतील उत्तमोत्तम प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकास जें वेगळें करून दाखवितां येत नव्हतें तें येथें वेगळें दिसलें. आबे यांची सीमा ओलांडली गेली. त्या वेळीं यंत्राखालीं ठेवलेल्या वस्तु कोणत्या होत्या म्हणाल तर एक ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि दुसरा कापसाचा तंतु! आरंभीं ज्या गोडीचा उल्लेख केला ती हीच. आपल्या काळ्या रानांत जो पिकतो त्याच जातीच्या एका तंतूवर ह्या विद्येचा श्रीगणेशा झाला. खरें सांगावयाचें तर त्या बिचाऱ्या तंतूचा विद्युत्कणांच्या माऱ्यानें कोळसाच झाला होता; चित्र निघालें तें जळलेल्या कापसाचें.

आणि हाच मुद्दा धरून पुष्कळ विद्वानांनीं ह्या यंत्राचा उपहास केला. जें यंत्र पाहावयाची वस्तूच जाळून टाकतें त्याचा उपयोग काय? शिवाय यंत्राच्या आंत हवा मुळींच ठेवतां येत नाहीं, कारण हवेच्या कणांवर आपटून विद्युत्कण भलतीकडे जातात. तेथें सजीव वस्तु टिकणार कशी? रुस्का यांनीं ह्याचें उत्तर शांतपणें शोधिलें. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, चित्र उमटण्यासाठीं वस्तूनें विद्युत्कण गिळलेच पाहिजेत असें नाहीं. त्यांस नुसतें थोडें बाजूस वळविलें तरी पुरतें. म्हणजे वस्तु पुरेशी पातळ असेल तर बहुतेक विद्युत्कण तिच्यांतून आरपार निघून जातील, ती फारशी तापणार नाहीं, आणि चित्र मात्र स्वच्छ येईल. कोणत्या दोषावर बोट ठेवलें आहे हें नीट पाहिलें म्हणजे कित्येक वेळां त्या दोषांतच उपाय सांपडतो.

तरीही पैसा देण्यास कोणी पुढें येईना. रुस्का यांस उदरनिर्वाहासाठीं एका दूरचित्रवाणीच्या कंपनींत नोकरी धरावी लागली. तेथें ते १९३३ च्या डिसेंबरपासून १९३७ पर्यंत राहिले. दिवसां नोकरी करावी, आणि उरलेल्या वेळांत फॉन बोरीस यांच्यासह एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे आपलें यंत्र बनविण्याची विनंति करीत फिरावें, असा तो काळ होता. अशा वेळीं धाकटे भाऊ हेल्मुट यांचें फार मोठें साह्य झालें. ते वैद्यकाचा अभ्यास करून डॉक्टर झाले होते, व ज्या रोगजंतूंचें अस्तित्व माहीत असून रूप दिसत नाहीं ते ह्या यंत्रानें दिसतील अशी त्यांची खात्री होती. त्यांनीं आपले गुरु प्राध्यापक झीबेक यांस ही गोष्ट पटवून दिली, व झीबेक यांनीं वैद्यकास ह्यापासून केवढा लाभ होईल ह्याविषयीं आपला अनुकूल अभिप्राय लिहून दिला. ह्या एका पत्राचा मोठा उपयोग झाला. १९३७ सालीं सीमेन्स कंपनीनें बर्लिनजवळ त्यांस प्रयोगशाळा काढून दिली. त्याच वर्षीं रुस्का यांचा विवाह झाला. त्यांस पुढें दोन मुलगे व एक मुलगी झालीं.

१९३८ सालीं तीस हजार पटींनीं मोठें दाखविणारीं दोन यंत्रें तयार झालीं व १९३९ सालीं कारखान्यांत बनलेलें पहिलें यंत्र गिऱ्हाइकाच्या हातीं पडलें. ह्याच सुमारास कॅनडांतील टोरांटो येथील तरुण शास्त्रज्ञांनींही असें यंत्र उभें केलें होतें. म्हणजे विद्या आतां एका गांवाची राहिली नव्हती. बर्लिनला चार यंत्रें ठेवून एक खास प्रयोगशाळा काढण्यांत आली, आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनीं तेथें येऊन काम करावें अशी व्यवस्था झाली. तिची देखरेख हेल्मुट यांच्याकडे होती. तंबाखूच्या पानावर रोग पाडणारा विषाणु, व जंतूंनाही ग्रासणारे अतिसूक्ष्म विषाणु, यांचें रूप मनुष्याच्या डोळ्यांस तेथें प्रथमच दिसलें. पण सर्व जगाला महायुद्धानें ग्रासलें होतें. १९४४ सालीं विमानांतून झालेल्या बाँबवर्षावांत ती प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. जें उभारण्यास पंधरा वर्षें लागलीं तें नष्ट होण्यास एक रात्र पुरली.

युद्ध संपलें तेव्हां रुस्का अडतीस वर्षांचे होते. सहकारी पांगले होते आणि देशाचे तुकडे झाले होते. त्यांनीं त्याच बर्लिन शहरांत पुन्हां आरंभ केला. १९५४ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें 'एल्मिस्कोप' नांवाचें यंत्र बाहेर पडलें. जगांतील निरनिराळ्या देशांनीं तीं बाराशेंहून अधिक विकत घेतलीं. पुढें मॅक्स प्लांक संस्थेच्या बर्लिन येथील फ्रिट्झ हाबर संस्थेंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या शाखेचे ते संचालक झाले व १९७४ च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत तेथेंच भिंगांचे दोष कमी करीत राहिले.

आतां ह्या यंत्रानें पदार्थांच्या अंतरंगाचें कोणतें ज्ञान दिलें, तें पाहूं. धातूंत अणु कवायतीच्या शिपायांसारखे ओळीनें उभे असतात. धातु वांकवावयाचा म्हणजे एक संपूर्ण ओळ दुसरीवरून सरकवावयाची. ह्यास किती जोर लागेल ह्याचें गणित केलें तर तो इतका निघे कीं, लोहाराला लोखंड वांकवितांच येऊं नये! प्रत्यक्षांत त्याहून फारच थोड्या जोरानें काम होतें. १९३४ सालीं टेलर, ओरोवान व पोलान्यी ह्या तिघांनीं स्वतंत्रपणें असा तर्क केला कीं, ह्या ओळींत मधून मधून चुका असल्या पाहिजेत. मोठी सतरंजी ओढून सरकवावयाची तर चार माणसें लागतात. पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढें ढकलीत नेली तर एका मुलाच्या हातानेंही सतरंजी सरकते. धातूंतील ही चूक म्हणजे अशी सुरकुती होय. हा तर्क बावीस वर्षें कागदावरच होता. १९५६ सालीं केंब्रिज येथें पीटर हर्श व त्यांचे सहकारी यांनीं ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा ह्या यंत्राखालीं ठेविला, आणि त्या सुरकुत्या पडद्यावर प्रत्यक्ष दिसल्या. इतकेंच नव्हे तर त्या चालतांनाही दिसल्या. विमानाचा पंख किंवा पुलाची तुळई बनविणाऱ्या कारखान्यांस ह्या ज्ञानाचा केवढा आधार झाला असेल ह्याची कल्पनाच करावी.

१९८२ सालीं डॅन शेख्टमन ह्या शास्त्रज्ञास अमेरिकेंत काम करीत असतां ॲल्युमिनियम व मँगनीझ यांच्या मिश्रधातूंत, ह्याच यंत्राच्या साह्यानें, अणूंची अशी मांडणी आढळली कीं जी स्फटिकशास्त्राच्या पुस्तकांत अशक्य म्हणून सांगितलेली होती. कित्येक वर्षें त्यांची थट्टा झाली, आणि २०११ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. यंत्र खोटें बोलत नव्हतें. पुस्तक अपुरें होतें.

आणि आपली काळी माती? तिच्यांतील चिकण भाग म्हणजे कागदाच्या गठ्ठ्यासारखे रचलेले अतिशय पातळ पापुद्रे होत. एक पापुद्रा इतका पातळ कीं, तसे दहा लक्ष एकावर एक ठेवावे तेव्हां एक मिलिमीटर जाडी भरावी. पाऊस पडला म्हणजे ह्या पापुद्र्यांच्या मध्यें पाणी शिरतें, ते एकमेकांपासून दूर सरतात व सारी जमीन फुगते. उन्हाळ्यांत पाणी निघून गेलें म्हणजे ते जवळ येतात, व भेगा पडतात. ज्या मातीला आपण चिखल म्हणून झटकून टाकतों तिच्या एका चिमटींत एवढें रचनाकौशल्य भरलेलें आहे.

रुस्का यांच्या यंत्रांत एक उणीव मात्र राहिली होती. चुंबकाच्या भिंगाचा एक दोष असा आहे कीं, कडेनें जाणारे विद्युत्कण मध्यावरून जाणाऱ्यांशीं एका बिंदूंत मिळत नाहींत, व चित्राची कड पुसट होते. लाट एवढी बारीक असूनही त्यामुळें तिचा पुरा लाभ घेतां येत नसे. शिकागो येथील आल्बर्ट क्रू यांनीं १९७० सालीं निराळ्या रचनेचें यंत्र करून जड धातूंचे सुटे सुटे अणु दाखविले. आणि भिंगाचा तो दोष दूर करण्याची रीत १९९० नंतरच्या दशकांत जर्मनींतच हाराल्ड रोझ, माक्सिमिलियान हायडर व क्नुट उर्बान यांनीं सिद्ध केली. आज उत्तम यंत्रांत अणूंच्या रांगा मोत्यांच्या माळांसारख्या दिसतात. हा दिवस पाहण्यास रुस्का नव्हते.

आपल्या देशांतही ही विद्या लवकरच आली. कलकत्त्यास नीरजनाथ दासगुप्त यांनीं स्वातंत्र्याच्या सुमारास असें यंत्र हिंदुस्थानांत प्रथम उभें केलें, व मुंबईस कर्करोगाच्या संशोधनासाठीं डॉ. सत्यवती शिरसाट यांनीं अशी प्रयोगशाळा स्थापून पुष्कळ अभ्यासकांस तयार केलें.

१९८६ सालीं रुस्का यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचा अर्धा भाग त्यांस, व उरलेला अर्धा गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांस, अणूंचा पृष्ठभाग दाखविणाऱ्या एका निराळ्या यंत्रासाठीं, मिळाला. बिनिग व रोरर यांचें यंत्र निघून पुरीं सहा वर्षेंही झालीं नव्हतीं. रुस्का यांच्या पहिल्या यंत्रास पंचावन्न वर्षें होऊन गेलीं होतीं. त्या वेळीं ते ऐंशीच्या घरांत होते. हा सन्मान केवळ जिवंत व्यक्तींसच देण्यांत येतो. मेहुणे व भागीदार फॉन बोरीस १९५६ सालीं वारले होते. पहिलें यंत्र ज्यांच्याबरोबर उभारलें ते नोल १९६९ सालीं गेले होते. आणि ज्यानें लहानपणीं वडिलांच्या सूक्ष्मदर्शकांत शेजारीं उभें राहून डोकावलें होतें, व पुढें त्या पत्रासाठीं खटपट केली होती, तो भाऊ हेल्मुट १९७३ सालींच निघून गेला होता. चौघांच्या कामाचा मान एकट्यानें स्वीकारावा लागला. अशा प्रसंगीं आनंदाबरोबर मनास जी रुखरुख लागते ती ज्यानें आपलीं माणसें गमावलीं आहेत त्यालाच कळेल. २७ मे १९८८ रोजीं बर्लिन येथें अर्न्स्ट रुस्का यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रांत चमत्कार असा कोठेंच नाहीं. वेटोळें गुंडाळावें, मोजावें, चुकलें तर पुन्हां गुंडाळावें. पोटासाठीं दुसरी नोकरी करावी, पण हातचें काम सोडूं नये. कोणी हंसलें तर त्याच्या हंसण्यांत काय खरें आहे तें पाहावें. आणि जें उभें केलें तें एका रात्रींत पडलें तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाया खणावा, एवढेंच त्यांत आहे. आईबापांसही एक विनंति करावीशी वाटते. घरांतील मौल्यवान वस्तूस मुलांनीं हात लावूं नये हें खरें. पण यूलियुस रुस्का यांनीं केलें तसें कधीं तरी त्यांस जवळ बोलावून ती दाखवावी. कपाशीच्या बोंडांतून एक तंतु काढून तो उन्हाकडे धरून पाहणारें मूल आपल्याही गांवांत असेल. त्यास गप्प न बसवितां आणखी एक प्रश्न विचारूं द्यावा.